यंदा बोडीत पाणी नव्हतं

आत्याबाई, सासूला पत्र लिहिणारी सून तुम्ही कधी ऐकली नसेल. त्यातून तुम्हाला वाचता येत नव्हतं. कोणी कागद हातात दिला की तुम्ही तो उलटसुलट करून माझ्याकडे सरकवायच्या आणि म्हणायच्या, "सांग काय म्हनते तं." तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज मला नीट आठवत नाही, पण तुमचं बोलणं आठवतं. या उन्हाळ्यात ते फार आठवलं. कारण या उन्हाळ्यात आपला पहाड जळला, आणि जळत जळत वस्तीपर्यंत आला. हे कोणाला तरी सांगायचं होतं. इथे सगळ्यांनी ते पाहिलंच आहे, त्यामुळे ऐकायला कोणी उरलं नाही.

मी गोंदियाहून लग्न होऊन आले तेव्हा मला जंगल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. आमचं घर राइस मिलच्या मागे, अंगणात कायम कोंड्याची धूळ, बोलणं अर्धं हिंदी. तुम्ही शेजारणीला सांगून हसायच्या, "चूल पेटवता येत नाही अन् चूल्हा म्हनते!" आपल्या स्वयंपाकाच्या खोलीचं दार पहाडाकडे उघडतं. पहिले काही दिवस मी भाकरी थापताना त्या दाराकडे पाठ करून बसायचे, कारण समोर नुसती झाडं, आणि झाडांच्या मागे काय आहे ते दिसायचं नाही. तुम्ही मला दोन खांदे धरून वळवलं होतं. म्हणाल्या, "हिकडे तोंड करून बस. पहाड दिसला पायजे." मला वाटलं तुम्हाला पहाड आवडतो म्हणून. तुम्ही पहाडावर नजर ठेवून असता, हे कळायला मला एक उन्हाळा लागला.

त्या उन्हाळ्यात तुमचा नियम असा की झुंजूमुंजू असतानाच स्वयंपाक उरकायचा आणि वारा उठायच्या आत चूल विझवायची. नुसती विझवायची नाही, निखाऱ्यावर पाणी ओतायचं, मग राख बोटांनी चाचपून पाहायची. दुपारी जेवण थंड, रात्रीही थंड. मला मिलच्या वस्तीतली चहाची सवय. एकदा मी दोन निखारे राखेत झाकून ठेवले आणि भर उन्हात त्यावर चहाचं भांडं ठेवलं. तुम्ही बाहेरून आलात, कोपऱ्यातला पाण्याने भरलेला गुंड उचललात आणि चुलीवर रिकामा केलात. भांडं, चहा, राख सगळं माझ्या पायांवरून वाहत दाराकडे गेलं. मग तुम्ही विचारलंत, "चहा पायजे का घर पायजे?" मी त्या दिवशी तुमच्याशी बोलले नाही. मला तो छळ वाटला. पाणी इतक्या लांबून आणायचं आणि असं ओतून टाकायचं!

आणि मग त्याच वैशाखात आग आली. तुम्हाला ती आठवत असेल, पण मला ती माझ्या बाजूने सांगू द्या. मी अंगणात कपडे वाळत घालते आहे. ऊन एकदम पिवळं पडतं, जसं ग्रहणात पडतं तसं. तुम्ही गुरांच्या कोठ्यातून धावत बाहेर येता, हातात विळा, बैलांची दावी कापलेली. माझ्या अंगावर वाकळ फेकता आणि मला ढकलत ढकलत बोडीवर नेता. आपल्या वस्तीच्या तळ्यात तेव्हा वैशाखातही छातीइतकं पाणी असायचं. आपण पाण्यात उभ्या राहिलो, डोक्यावर ओली वाकळ, बाजूला बैल, म्हशी, दुसऱ्यांची लेकरं. मी मोठ्याने रडत होते. तुम्ही माझ्या थोबाडीत मारलीत. "तोंड बंद ठेव. रडशीन तं धूर गिळशीन." त्या वाकळीच्या आत तुमचं माझं डोकं एकमेकींना टेकलेलं होतं आणि मला तुमचे दात वाजताना ऐकू येत होते. पाणी गरम होतं, आत्याबाई. थंडीने ते वाजत नव्हते.

त्या वेळी आग नाल्याच्या पलीकडून निघून गेली. आपलं काही जळलं नाही. संध्याकाळी तुम्ही वाकळ पिळून कुंपणावर टाकलीत आणि पांगलेले बैल शोधायला गेलात, जणू काही झालंच नव्हतं. तुमचे दात वाजल्याचं मी कोणाला सांगितलं नाही. पुढे मला मुलगा झाला तेव्हा तुम्ही मला पहाटे उठवून नाल्याकाठच्या मोहाखाली नेलंत. आपल्याकडे मोहाचं झाड घरोघरचं ठरलेलं. त्याखालचं फूल दुसरं कोणी वेचत नाही. ते झाड तुम्हाला तुमच्या सासूकडून आलेलं. बाकीच्या बाया मोहाखालचा पाला पेटवून देतात, म्हणजे फुलं स्वच्छ जमिनीवर पडतात आणि पटकन वेचता येतात. तुम्ही मात्र कंबर मोडेपर्यंत झाडूने पाला झाडायच्या. झाडू माझ्या हातात देऊन म्हणालात, "आजपासून हे झाड तुयं. पन अठी काडी लावायची नाही. कधीच नाही." मी विचारलं, सगळे लावतात, आपणच काऊन नाही? तुम्ही खाली बसून फुलं वेचायला लागलात. वेचता वेचता, माझ्याकडे न पाहता म्हणालात, "मले आगीचं जेवढं भेव वाटते तेवढं कोनाले वाटत नसन." दुसरी कोणतीही भेट तुम्ही मला दिली नाही. हीच काय ती, एक झाड आणि एक भीती. दोन्ही मी सांभाळली.

आता यंदाचं सांगते. मागच्या वर्षी पाऊस आलाच नाही म्हणायला हरकत नाही. भाताची रोवणी अर्धीच झाली, शेतातल्या उरलेल्या बांध्या तशाच पडून राहिल्या. चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी खालच्या गावांना पुरलं नाही, तर आपल्यापर्यंत कुठून येणार. होळीच्या सुमाराला आपली बोडी आटली. तुम्ही तिला कधी आटलेली पाहिली नव्हती, मीही नाही. आधी कडेची माती दिसली, मग मधलं खडकाचं टेंगूळ, मग सगळा तळ भेगाळून गेला. मधोमध म्हशींनी लोळून ठेवलेला हातभर चिखल तेवढा उरला होता. हातपंपाला आधी बराच वेळ नुसती हवा मारावी लागायची. पहाडावरचा पाला इतका वाळला की कुत्रं चाललं तरी घरात आवाज यायचा.

फाल्गुनापासूनच पहाडावर कुठे ना कुठे धूर दिसायला लागला. एकीकडे विझवला की दुसरीकडे उठायचा. दिवस मावळताना आगीच्या ओळी दिसायच्या, वर सरकणाऱ्या, लग्नाच्या वऱ्हाडाचे ट्रॅक्टर घाट चढताना दिसतात तशा. वनखात्याची माणसं पाला उडवायच्या मशिनी घेऊन यायची, आपली माणसं हिरव्या फांद्या घेऊन त्यांच्याबरोबर जायची. कोणी म्हणायचं मोहवाल्यांनी लावली, कोणी म्हणायचं बिडीचं थोटूक पडलं. खरं काय ते अजून कोणालाही माहीत नाही. भातावर राख पडायची. वाळत घातलेल्या कपड्यांना वास यायचा. मी सकाळी उठले की आधी अंगणात जाऊन नाक वर करायचे. तुमचा मुलगा वैतागायचा. "जंगल हाये, जळनच," म्हणायचा. आणि सून हसायची.

सून म्हणजे तुमची नातसून. तुमचा नातू कोहमाऱ्याला ट्रकच्या गॅरेजात काम करतो, आठवड्यातून एकदा घरी येतो. त्याची बायको अर्जुनीकडच्या जंगलातल्या गावची, हाडापेराने मजबूत, बोलायला तुमच्यासारखी. तिला पाहिलं असतंत तर माझ्यावर तुम्ही इतकी वर्षं फुकट घालवली असं तुम्हाला वाटलं असतं. जंगलाची तिला भीती नाही. बिडीचा तेंदूपत्ता तोडायला ती सगळ्यांच्या पुढे जाते आणि सगळ्यांच्या नंतर परतते. मला अंगणात वास घेताना पाहून ती म्हणायची, "आई, तुमी धुरावर पहारा देऊन राहिल्या का?" त्यांची मुलगी तीन वर्षांची आहे. ती माझ्याच अंगणवाडीत येते. हो, मी अंगणवाडी चालवते आता, बुद्धविहाराच्या बाजूच्या खोलीत. ते तुमच्यानंतरचं.

वैशाखातल्या त्या दिवशी पुरुष माणसं पहाडाच्या पलीकडच्या अंगाला आग विझवायला गेली होती. बाया पहाटेच पत्ता तोडायला अलीकडच्या जंगलात गेलेल्या. माझी मदतनीसही त्यांच्यातच. त्या दिवसांत पत्त्याशिवाय कोणाला काही सुचत नाही. वस्तीत उरल्या म्हाताऱ्या, आजारी, आणि माझ्यापाशी लेकरं. मी त्यांना खिचडी वाढली. वाढता वाढता मला ऐकू आलं की लांब कुठेतरी फटाके फुटत आहेत. एक मुलगा म्हणाला, "बाई, वरात!" मी हसले. आणि मग मी हातातला डाव खाली ठेवला, कारण तो आवाज बांबूचा होता. बांबूचं पेर आगीत फुटतं तेव्हा असंच फुटतं. दाराबाहेर पाहिलं तर ऊन पिवळं पडलेलं.

वारा पालटला होता. पलीकडे विझवत होते ती आग माथ्यावरून अलीकडे उतरत होती, नाल्याच्या वाटेने, आणि त्याच रानात आपल्या बाया होत्या. मी सुनेला फोन लावला. फोन लागत नाही, लागत नाही, लागत नाही. खोलीला पत्र्याचं छप्पर, आणि भिंतीला लागून कोणाच्या तरी भाताच्या तणसाची गंजी. तिथे थांबता येणार नव्हतं. आणि तिथून निघावं तर या लेकरांच्या आया धावत इथेच येतील, त्यांना खोली रिकामी दिसेल. मी दारात उभी राहिले. आत्याबाई, किती वेळ उभी राहिले ते मला सांगता येत नाही. मग नात माझ्या लुगड्याला धरून म्हणाली, "आजी, डोळे चुरचुरतात." तेव्हा मी खोलीच्या दारावर खडूने मोठ्या अक्षरात 'बोडी' लिहिलं, लहान पोराला कडेवर घेतलं, पाण्याची कॅन दुसऱ्या हातात धरली, आणि बाकीच्यांना एकमेकांचे हात धरायला सांगितले.

वाटेत म्हाताऱ्यांना हाका मारल्या. ज्यांना चालता येत होतं ते निघाले, ज्यांना येत नव्हतं त्यांना दुसऱ्यांनी खाटेसकट उचललं. आपल्या घरावरून जाताना गाय हंबरत होती. पोराला खाली ठेवलं, कोठ्यातल्या विळ्याने दावं कापलं, गाय कुठे गेली ते पाहिलं नाही. धूर जमिनीवरून चालत येत होता, गुडघ्याइतका, पाणी भरत यावं तसा. मला ठाऊक होतं की बोडी कोरडी आहे. रोज येता-जाता पाहत होते. तरी बोडीची पाळ चढून वर जाईपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे पाणीच होतं, छातीइतकं, बैल उभे असलेलं. वर पोहोचले आणि खाली नुसती फुटलेली माती दिसली.

आम्ही मधोमध गेलो, त्या चिखलापाशी. तिथे गवताची काडी नव्हती, जळायला काही नव्हतं, एवढाच आधार. मी लेकरांच्या सदऱ्यांना आणि माझ्या पदराला कॅनमधलं पाणी लावलं, तोंडाला बांधायला दिलं, आणि पाणी संपल्यावर चिखल फासला. त्यांना ते आवडलं. दोघंतिघं हसायला लागली. मग पाळीच्या पलीकडे तणसाच्या गंजीने पेट घेतला तेव्हा सगळी एकदम रडायला लागली आणि मी ओरडले, "तोंड बंद! रडू नका!" तुमचंच वाक्य, पण कोणी ऐकलं नाही. तुम्ही एकटीला मारू शकलात. मी इतक्यांना कशी मारणार? मी त्यांना खाली बसवून मधे गोळा केलं आणि वर वाकले, कोंबडीसारखी. नात माझ्या गळ्याशी तोंड घालून विचारत होती, "आजी, माय कोठी हाये?" मी म्हणत होते, येऊन राहिली. येऊन राहिली.

तेवढ्यात चितळ आले. पाच-सहा असतील, पिल्लांसकट. पाळ ओलांडून थेट आमच्याकडे आले आणि थोड्या अंतरावर उभे राहिले, तोंडं उघडी, बरगड्या हलत असलेल्या. आमच्यामागे आलेली कुत्री भुंकली नाहीत. लेकरांनीही बोट दाखवलं नाही. आम्ही त्यांच्याकडे पाहिलं आणि ते आमच्याकडे, आणि मला त्या क्षणी सगळ्यात जास्त भीती वाटली, कारण ज्यांना जंगल ठाऊक आहे त्यांनाही जायला दुसरी जागा उरली नव्हती.

मग बाया यायला लागल्या. पाळीवर एक काळं तोंड दिसायचं, हाक यायची, आणि माझ्या अंगाखालून एक लेकरू उठून पळायचं. पत्त्याचे गठ्ठे कुठेच नव्हते, पायांत चपला नव्हत्या. एकीने मला घट्ट धरलं, एकीने दारावरचं 'बोडी' वाचलं म्हणून सांगितलं आणि रडली. प्रत्येक वेळी मी मान वर करून पाहत होते आणि प्रत्येक वेळी ती दुसरी कोणीतरी असायची. माझ्या अंगाखालची जागा रिकामी होत गेली. शेवटी नात तेवढी उरली. मदतनीस माझ्याजवळ आली, बसली, आणि खाली पाहत म्हणाली, "तुमची सून बुढीसंग मागे राहिली. बुढीले धावता येईना. आमाले म्हने, तुमी व्हा पुढे."

बुढी म्हणजे कोण ते तुम्हाला सांगायला नको. तुमचीच मैत्रीण, पलीकडच्या घरची. तुम्ही दोघी मिळून पत्ता तोडायला जायच्या. इतकं वय झालं तरी ती जायची थांबली नव्हती; घरात बसलं की पाय आखडतात म्हणायची. आग आमच्या बाजूने वस्तीत शिरली, चार घरं आणि आपला कोठा घेतला, आणि मोकळ्या बांध्यांपाशी येऊन थकली. पुरुष माणसं आली ती धावत, राखेने माखलेली. तुमचा मुलगा माझ्यापाशी आला, नातीकडे पाहिलं, आजूबाजूला पाहिलं, आणि पुन्हा वळून पहाडाकडे गेला. मी गेले नाही. मी मुलीला धरून बसले. ती माझ्या मांडीवर झोपून गेली, आणि मी तिच्या केसांतली राख वेचत राहिले, जणू त्या दिवशी तेवढंच काम होतं.

ऊन कलल्यावर त्या आल्या. पुढे तुमचा मुलगा, पाठीवर बुढी, मागे सून. जळालेल्या उतारावरून सरळ चालत आली, पण तिचं चालणं तिचं नव्हतं. टाचांवर चालत होती. तिच्या चपलांचं रबर वितळून तळव्यांना चिकटलं होतं. तिने पाणी मागितलं नाही, बसली नाही. म्हणाली, "वरती गेल्या हप्त्यात जळलेली जागा होती ना, काळी. तठी जाऊन बसलो. जळल्या जागी आग दुसऱ्यांदा कायले येईन? मधात थोडी आग होती, तेवढ्यातून बुढीले ओढत नेलं."

मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. सगळ्यांच्या देखत मी किंचाळले, "काऊन थांबली तू? तुझी पोरगी अठी आहे, अन् तू काऊन थांबली?" माझ्या तोंडून इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमचं 'अठी' निघालं. ती रडली नाही, रागावलीही नाही. खाटेवर टाकलेल्या बुढीने डोळे न उघडता उत्तर दिलं. "बरोबर बोलून राहिली तू. मीनं तिले म्हनलं होतं, जाय म्हनून. आयकतच नाही. शेळीवानी ओढली मले." मग खोकली आणि पुन्हा बोलली, "तुयी सासू असती तं तिनं मले शिव्या देल्ल्या असत्या."

आपल्याकडच्या गोरेगावहून दवाखान्याची गाडी आली, दोघींना गोंदियाला नेलं. सुनेचे पाय बरे होत आले आहेत, नवी कातडी गुलाबी आणि चकाकती आहे, लहान मुलाच्या टाचेसारखी. बुढीचं अंग फार भाजलं नव्हतं, पण धूर आत गेला होता. काही दिवस ती बोलत होती, नर्सला तिच्या हिंदीवरून चिडवत होती, आणि मग एका सकाळी गेली. माणूस मेल्यावर कुठे कोणाला भेटतं असं आपल्यात मानत नाहीत. तुम्हीही मानत नव्हता. तरी तिची बातमी तुम्हाला माझ्याकडून कळावी असं मला वाटलं. सून शेवटपर्यंत तिच्याजवळ बसून होती, पट्ट्या बांधलेले पाय स्टुलावर ठेवून. मी तिला अजून विचारलेलं नाही की त्या काळ्या जागी बसून तिला आपली मुलगी आठवली का. विचारायला मी कोण? त्या वेळी मी तिच्या मुलीपाशी होते, आणि ते तिला ठाऊक होतं, म्हणून ती थांबू शकली असेल. हे मला फार उशिरा सुचलं. सुचल्यापासून मी तिच्याशी नीट बोलते.

मोह गेला, आत्याबाई. बाहेरून उभा दिसत होता, पण आतून पोकळ झालेला. आग त्याच्या पोटात शिरली आणि वरच्या भोकातून कितीतरी दिवस धूर निघत राहिला, धुराड्यासारखा. मी रोज जाऊन पाहायचे. शेवटी तो एका दुपारी वाऱ्याशिवाय पडला.

आता पाऊस पडून गेला आहे, यंदा बरा पडला. रोवणी झाली. पहाड पुन्हा इतका हिरवा आहे की बाहेरच्या माणसाला काही सांगावं तर पटणार नाही. अंगणवाडीत लेकरं एक नवा खेळ खेळतात. एकजण ओरडतो, "आग आली!" आणि सगळी एकमेकांचे हात धरून भिंतीपाशी जाऊन खाली बसतात, तोंडावर हात ठेवून. मी त्यांना थांबवत नाही. पण खेळ सुरू झाला की मी बाहेर जाते. घरात आता गॅस आहे, तरी काडी ओढल्याचा आवाज आला की मी उठून दारातून पहाडाकडे पाहते. सून म्हणते पुढच्या वैशाखात पत्ता तोडायला जाईन. तुमचा मुलगा म्हणतो जळालेला पहाड लवकर जळत नाही. दोघं मला समजावतात, जशी मी लेकरांना समजावते. मी मान हलवते. मनात मोजते ते महिने. श्रावण, भाद्रपद, आश्विन, आणि मग पानं पिवळी पडायला लागतात.

हे कुठे पाठवायचं नाही, हे लिहायला बसले तेव्हाच ठाऊक होतं. घडी करून डाळीच्या डब्याखाली ठेवीन, तिथे कोणी पाहत नाही. पण एक गोष्ट राहिली. मागच्या आठवड्यात अंगणवाडीच्या मीटिंगचं निमित्त सांगून मी गोंदियाला गेले आणि एक भाड्याची खोली पाहून आले. गल्लीतली, एका खिडकीची, नळ सामाईक. घरमालकीण म्हणाली उन्हाळ्यात फार तापते. तुमच्या मुलाला मी अजून काही बोलले नाही, सुनेलाही नाही. बोलेन की नाही ते माहीत नाही. मी खिडकी उघडून बाहेर पाहिलं. समोर भिंत होती, बाजूला भिंत होती, एकही झाड कुठे नव्हतं. आत्याबाई, मला ती खोली आवडली.